भिंतीतली फळी

"फूल काढायचं तर देठाला धरून काढावं. गवत उपटल्यासारखं काय उपटायचं? वर्षातून एकदा पूजा होते बिचाऱ्याची, तेवढीसुद्धा सुखानं होऊ देत नाहीत."

दत्ताबाबा हे कुणा माणसाला म्हणत नव्हते, ड्रिलला म्हणत होते. ऊर्मिला निरांजनाचं तबक धरून अगदी त्यांच्या खांद्याशी उभी होती, म्हणून तिला ऐकू आलं. हृषिकेशला, म्हणजे बाबांच्या मुलाला आणि ऊर्मिलाच्या नवऱ्याला, काही ऐकू गेलं नाही. एका हातानं तो ड्रिलवरचा झेंडू ओढत होता आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर मित्राला "कुठवर आलास रे?" म्हणून विचारत होता.

"बाबा, झाली ना उत्तरपूजा? घेऊ ना आता?"

"घे. आधी नमस्कार कर. आणि बिटं पुसून घे, कुंकू लागलंय. चकमध्ये गेलं तर पकड सुटते."

काल खंडेनवमी होती. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून बाबांनी सगळी हत्यारं मांडली होती. ड्रिल, पाने, हातोडी, पाणसळ, ऊर्मिलाचं शिलाई मशीन, आणि हृषिकेशच्या आग्रहाखातर त्याचा लॅपटॉप. लॅपटॉपला बाबांनी कुंकू लावलं, पण जरा लांबूनच. बाबा ऐन विशीत पुण्याहून न्युरेम्बर्गला आले ते एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. वर्षातून एक दिवस त्यांच्या मशीनवर लाल ठिपका आणि फूल दिसणार, हे तिथल्या जर्मन कामगारांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की एका वर्षी बाबा आजारी पडले तर शेजारच्या मशीनवरच्या माणसानंच फोन करून विचारलं, लाल पावडर कुठे ठेवली आहेस?

पूजेला बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही. त्यामुळे काल संध्याकाळी सगळे मोकळे असूनही वरच्या खोलीतलं काम राहिलं. उद्या रविवार, म्हणजे रूहटाग, आवाज न करण्याचा दिवस. एर्लांगेनच्या या गल्लीत रविवारी ड्रिल चालवलं तर शेजारच्या बाई दारात येतात आणि एक शब्द न बोलता नुसत्या बघतात. परवा सकाळी हीटिंगवाला पाइप जोडायला येणार. त्याची ही तारीख चुकली की पुढची नाताळानंतर. तेव्हा रेडिएटर भिंतीवर चढायचा तर तो आजच.

रेडिएटरही काही साधासुधा नव्हता. जुन्या शाळेची इमारत पाडत होते तिथून बाबांनी स्वतः निवडून आणलेला, बिडाचा, जाड जाड फासळ्यांचा. गॅरेजमध्ये बसून उन्हाळाभर त्यांनी त्याचे रंगाचे थर खरवडले होते. खालून हिरवा निघाला, त्याखाली करडा, त्याखाली पुन्हा हिरवा. आता तो सायीच्या रंगाचा होऊन खोलीच्या मधोमध जाड गोधडीवर बसला होता. चार माणसांशिवाय हलत नव्हता.

"हा माझ्यापेक्षा जड आहे," ऊर्मिलानं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "या घरात असं दुसरं काही नाही. मला फार आवडला."

खोली गॅरेजच्या डोक्यावर होती, म्हणून गारठ्याची. तिच्या बाहेरच्या दोन भिंतींना, खिडकीच्या आणि बागेकडच्या, बाप-लेकांनी वसंतात आतून फोम लावला आणि वरून जिप्सम बोर्ड. दिसायला गुळगुळीत, बोटानं वाजवली तर पोकळ. अशा भिंतीवर कॅलेंडर टांगा, घड्याळ टांगा, ती काही म्हणणार नाही. पण बिडाचा रेडिएटर नुसत्या बोर्डात स्क्रू पिळून टांगला, तर तो भिंतीचा लचका घेऊनच खाली येणार. व्हिडिओ बघून बघून ऊर्मिलाला हे पाठ झालं होतं. बाबांनाही ते माहीत होतं, आणि व्हिडिओ निघाले त्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणून बोर्ड लावण्याआधी त्यांनी विटांच्या भिंतीवर एक जाडजूड लाकडी फळी लांब बोल्टांनी पक्की ठोकली होती, नेमक्या उंचीवर, आणि मग भोवती फोम भरून ती बोर्डाखाली झाकून टाकली. रेडिएटर ज्यांवर बसतो त्या लोखंडी कंसांचे स्क्रू बोर्डातून जाऊन या फळीत बसायचे. पाइप कोपऱ्यातून वर आले होते, दोन्ही भिंतींना सारखेच जवळ.

फळीचं काम बाबांनी एकट्यानं केलं होतं. नाजूक काम आलं की ते हृषिकेशला चहा सांगायला खाली पिटाळत. तो टर्बाइनची डिझाइनं करतो, पण बाबांच्या लेखी अजून हाताखालचा पोऱ्याच. त्यानं फोटो काढले होते, नाही असं नाही. सगळे बाबांच्या चेहऱ्याचे, जवळून.

ही खोली कुणासाठी? तर अवनीसाठी, ऊर्मिलाच्या लेकीसाठी. ती कायझर्सलाउटर्नला शिकते, सुट्टीत येईल तेव्हा तिला हवी ना खोली. घरात सगळे असंच म्हणत. अवनीची खोली खाली होती, तिच्या पोस्टरांसकट, पण तो विषय कुणी काढत नसे. बाबांच्या न्युरेम्बर्गच्या फ्लॅटमध्ये दूध उतू जाऊन, जळून, पार धूर होऊन अग्निशमनची गाडी आली होती, तोही विषय कुणी काढत नसे. "अलार्म फार नाजूक बसवलाय," बाबा म्हणाले, आणि सगळ्यांनी मान डोलावली. एर्लांगेनला यायला निघालेले बाबा एकदा एर्लांगेन मागे टाकून पार बांबेर्गला उतरले, तर ती डुलकी. एकदा त्यांनी आपल्या कुलपानं दुसऱ्याचीच सायकल खांबाला बांधून ठेवली, तर तो त्या वर्षाचा विनोद. हसता हसता ऊर्मिलाचं लक्ष बाबांकडे गेलं होतं. ते सगळ्यांत शेवटी हसले होते.

"भिंत होईस्तोवर राहतो" म्हणून आले होते, ते राहिले. आता त्यांची सूटकेस जिन्याखाली भरून तयार होती.

"रेडिएटर चढला की मंगळवारी मी माझ्या घरी," त्यांनी परवा जेवताना जाहीर केलं. "तुम्हाला वाटतं म्हातारा झालो. आल्झो, तर मग, भिंत माझी, फळी माझी. त्यातला एक जरी स्क्रू हलला तर तुम्ही ठेवाल तिथं राहीन. नाही हलला तर मला कुणी काही सांगायचं नाही."

तेव्हापासून ऊर्मिलाची पंचाईत झाली होती. बाबांनी न्युरेम्बर्गच्या त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्यानं राहू नये, असं तिला मनापासून वाटत होतं. आणि त्यांची फळी हलू नये, असंही तितकंच वाटत होतं.

प्रसन्न आला तो गुडघ्यांना पॅड बांधूनच. हृषिकेशचा हा कॉलेजपासूनचा मित्र न्युरेम्बर्गला सॉफ्टवेअरमध्ये होता. हातानं काही करायची संधी मिळाली की लग्नघरी आल्यासारखा हरखायचा. त्याच्या बॅगेत नवाकोरा लेझर होता.

"काका, दसऱ्याच्या शुभेच्छा! वहिनी, जेवायला काय आहे ते आत्ताच सांगू नका, हात थरथरतील."

"श्रीखंड," ऊर्मिला म्हणाली.

"सांगितलंत ना! आता भोक वाकडं गेलं तर माझ्या नावावर नाही."

बाबा त्याला खिडकीच्या भिंतीपाशी घेऊन गेले. खिडकीखाली, पांढऱ्या रंगावर, कुंकवाचे चार ठिपके होते. काडीच्या टोकानं काढलेले, मसुराएवढे.

"काल पूजेनंतर लावून ठेवलेत. फळी कुठंय ते मला मोजावं लागत नाही," बाबा म्हणाले. "ठिपक्यावर भोक पाड. आधी पांढरी पूड येईल, मग लाकडाचा भुसा. भुसा दिसला की समज, घरी पोचलास."

प्रसन्ननं लेझर लावला. लाल रेघ भिंतीवर सरकत गेली आणि चारी ठिपक्यांच्या बरोबर मधून आरपार गेली.

"अरे बाप रे! हृषी, बघ हे! काका, काडीनं लावलेत ना तुम्ही? केसाचाही फरक नाही!"

"टूलरूम," बाबा इतकंच म्हणाले. पण पाठ ताठ झाली.

हृषिकेशनं ड्रिल उचललं. त्याच्या मुठीवर अजून झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती. ऊर्मिलानं व्हॅक्यूमचं तोंड भिंतीला लावलं, मग बाबांनी "पूड दिसू दे की" म्हटल्यावर बाजूला घेतलं. घर्रर्र झालं. पांढरी पूड आली.

"आता भुसा," बाबा म्हणाले.

पिवळी पूड आली. ड्रिल एकदम पुढे गेलं, लोण्यात सुरी जावी तसं, आणि हृषिकेशचा तोल जाऊन कपाळ भिंतीला टेकलं. आत टक्क झालं आणि लाल पूड आली. पांढरी ती जिप्समची, पिवळी फोमची, लाल विटेची. लाकडाचा भुसा कुठेच नव्हता.

"दुसरा घे," बाबा म्हणाले.

दुसराही तसाच. तिसऱ्याला हृषिकेशनं ड्रिल अगदी हळू चालवलं, जणू हळू गेलं तर फळी तेवढ्यात येऊन उभी राहील. पांढरी, पिवळी, लाल. चौथा ठिपका त्यानं तिसऱ्याची पूड खाली पडायच्या आत संपवला.

ऊर्मिलानं व्हॅक्यूम बंद केला.

"सरकली असेल," बाबा म्हणाले.

"हो, हो, सरकली असेल," हृषिकेश म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. लाकूडच आहे शेवटी," प्रसन्न म्हणाला. "दमट हवा, थंडी... सरकतं."

विटांमध्ये बोल्टांनी ठोकलेली फळी कशी सरकेल, हे तिथल्या तिन्ही इंजिनीअर-कारागिरांना ठाऊक होतं. ऊर्मिलालाही होतं, आणि तिनं तर बी.ए. मराठी केलं होतं.

बाबा उपड्या बादलीवर बसले. चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढून पुसला.

मग प्रसन्न आणि हृषिकेश एकदम बोलायला लागले, घरात आजारपण असलं की लोक हवेबद्दल बोलतात तसे. लांब अँकर आणू, फोमच्या आरपार विटेपर्यंत नेऊ. अरे पण विटा पोकळ आहेत. मग चिकट मसाला भरू. तो सुकायला वेळ लागेल. आणि मधला फोम दबून रेडिएटर मान टाकेल, त्याला नळीचा आधार द्यावा लागेल. मिळतो, सगळं मिळतं, बांधकामाच्या सामानाचा बाउमार्क्ट उघडा आहे, चल गाडी काढ.

"बाबा, तुम्ही काळजी करू नका हं," हृषिकेश जाकीट चढवत म्हणाला. इतक्या गोड आवाजात तो एरवी फक्त बँकेशी बोलतो.

बाबांनी वर पाहिलं नाही.

ऊर्मिला खिडकीला टेकून उभी होती. काय करावं तिला सुचत नव्हतं, म्हणून ती नुसती बघत होती. ढगातून ऊन निघालं. खिडकीतून आत येऊन बागेकडच्या भिंतीवर पसरलं, बरोबर कमरेच्या उंचीवर. आणि तिला थालीपीठ आठवलं.

वसंतात, भिंती अजून उघड्या असताना, ती बाबांना थालीपिठाची ताटली घेऊन वर आली होती. ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे फोमचे तुकडे. तिनं ती फळीच्या वरच्या कडेवर ठेवली होती आणि बाबा ओरडले होते, "अगं, तेल लागेल लाकडाला!" लोण्याचा गोळा उन्हानं विरघळून ताटलीभर पसरला होता. खिडकीतून आलेल्या उन्हानं. खिडकीतलं ऊन खिडकीच्याच भिंतीवर कसं पडेल?

फळी होती. जागच्या जागी होती, बागेकडच्या भिंतीत. बाबांनी काम चोख केलं होतं, चुकली होती ती फक्त भिंत. पण हे तोंडानं म्हणायचं, म्हणजे दुसरंही काहीतरी म्हणायचं.

"थांबा, जाऊ नका," ती म्हणाली आणि जिना उतरून स्वयंपाकघरात धावली. फ्रिजवर विजेच्या बिलाला धरून बसलेला गणपती तिनं उपटला. लोहचुंबकाचा, प्लास्टिकच्या मोदकासकट. बिल फरशीवर पडलं ते तिथेच राहिलं. धापा टाकत ती वर आली.

"वहिनी, आरती झाली ना सकाळी?" प्रसन्ननं विचारलं.

"गप्प बस. रंगाखाली जिथं बोर्डाचा स्क्रू, तिथं बाप्पा चिकटणार. आडव्या ओळीत स्क्रू म्हणजे आत फळी. व्हिडिओत बघितलंय."

आधी तिनं मुद्दाम खिडकीच्या भिंतीवरूनच गणपती फिरवला. बाबांची लाज राखायला. उभ्या रांगेत, लांब लांब, कुठेतरी टिक्. पुन्हा खूप वेळानं टिक्. "इथं नाही वाटतं," ती सहज म्हणावं तसं म्हणाली. "आता आणलाच आहे तर सगळीकडे फिरवते," म्हणत कोपरा ओलांडून बागेकडच्या भिंतीवर गेली. कमरेच्या उंचीवर आली.

टिक्.

वीतभर पुढे, टिक्. टिक्. टिक्. टिक्. आडवी रांग, ओळीत बसवलेली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटच्या स्क्रूला गणपती चिकटला तो तिनं हात सोडला तरी तसाच राहिला, मोदक हातात घेऊन.

"हृषी," ती म्हणाली, "ड्रिल आण."

हृषिकेश जाकिटासकटच धावला. प्रसन्ननं लेझर उचलला, त्याचा स्टँड रेडिएटरला अडकून पडला, कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. घर्रर्र. पांढरी पूड. आणि मग ड्रिलचा आवाजच बदलला, जाड झाला, आणि बिटाच्या खाचेतून वळवळत एक लांबलचक सोनेरी सालटं बाहेर आलं.

"लाकूड!" प्रसन्न किंचाळला. "काका! लाकूड!"

बाबा बादलीवरून उठले. सालटं बोटांत घेतलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं.

"पाइन," ते म्हणाले. "माझंच."

मग जो गोंधळ झाला त्याला मोजमाप नव्हतं. दुसरं भोक, लाकूड! तिसरं, लाकूड! दर भोकाला प्रसन्न ओरडत होता, क्रिकेटमध्ये विकेट पडावी तसा. बाबा मध्ये शिरले, हृषिकेशच्या हातून पाना घेतला आणि "असा नाही, अंगठा मागे" म्हणत जाड स्क्रू स्वतः पिळायला लागले. स्क्रू शेवटी शेवटी कुईं करून दाटले. चार कंस भिंतीतून बाहेर आले, चार मुठी पुढे केल्यासारखे.

"भार देऊन बघायचा," बाबा म्हणाले. "त्याशिवाय रेडिएटर चढवायचा नाही. मी उभा राहतो."

"तुम्ही नाही," तिघं एकदम म्हणाले.

"मग कोण? वजन पाहिजे तेवढं."

सगळे ऊर्मिलाकडे बघून मग घाईनं दुसरीकडे बघायला लागले.

"बघा, बघा, खुशाल बघा," ती म्हणाली. "इतकी वर्षं सांभाळलंय ते आजच्यासाठीच." कंसांवर पाट ठेवला आणि ओढणी खोचून ती त्यावर बसली. आधी जपून, मग पूर्ण, मग पाय उचलून. भिंत हूं की चूं करीना. तिनं जरा झोका घेतल्यासारखं केलं. बाबा खाली वाकून कंसाच्या मुळाशी नखानं चाचपत होते.

"हलत नाही," ते म्हणाले. "बस अजून."

"बसते की. चहा आणा."

रेडिएटर उचलताना चौघं लागले. "गणपती बाप्पा!" हृषिकेश ओरडला आणि "मोरया!"ला तो फूटभर वर गेला. मग पुन्हा, आणि पुन्हा. ऊर्मिलाची बोटं दाबली गेली, प्रसन्नचं गुडघ्याचं पॅड सुटलं, आणि मग खण्ण असा एक भरदार आवाज होऊन ते सगळं बीड कंसांवर बसलं. बाबांनी पाणसळ वर ठेवली. बुडबुडा जरा इकडे, जरा तिकडे करून मधोमध जाऊन थांबला. बुडबुडा थांबेपर्यंत कुणी श्वास घेतला नव्हता, आणि मग सगळ्यांनी एकदम घेतला.

टाळ्या झाल्या. खालच्या रस्त्यावरून सायकलनं जाणाऱ्या कुणीतरी वर बघितलं. लिंडनच्या झाडाची पिवळी पानं ऊर्मिलानं सकाळीच गोळा करून ठेवली होती, आपट्याऐवजी. तिनं एक रेडिएटरवर ठेवलं, एक बाबांच्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला.

"सोनं घ्या, बाबा."

हृषिकेशचा चेहरा लाल झाला होता, घामानं आणि आनंदानं. मग त्याला पैज आठवली असावी, कारण तो जरा अडखळला.

"जिंकलात, बाबा. एक स्क्रू हलला नाही. मंगळवारी... मी सोडतो तुम्हाला न्युरेम्बर्गला. गाडीनं."

"जा, काका, मानलं," प्रसन्न लगेच म्हणाला. "फळी आहे त्या जागी होती. आमचंच चुकलं, आम्ही आधी नको तिथं भोकं पाडली."

"हो ना," हृषिकेश म्हणाला. "आम्हीच घाई केली."

बाबा ऊर्मिलाकडे बघत होते. तिनं नजर काढून घेतली नाही, एवढंच तिच्याकडून झालं.

लिंडनचं पान हातात धरून बाबा खिडकीच्या भिंतीपाशी गेले. तिथं चार भोकं होती, सरळ रेषेत, आणि प्रत्येकाभोवती कुंकवाचं लाल कडं. त्यांनी पहिल्या भोकावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. बोटाला कुंकू लागलं.

"काल हे लावताना मला फळी दिसत होती," ते म्हणाले. "डोळ्यांसमोर. इथं."

"बाबा, असू द्या ना..."

"थांब, हृषी. तू फार चांगला मुलगा आहेस, पण जरा थांब." त्यांनी चौथ्या भोकावरून बोट उचललं आणि सगळ्यांकडे वळले. आवाज टूलरूममधला होता, मोजून दिलेला. "फळी सरकली नाही. अलार्म नाजूक नव्हता. बांबेर्गला मला डुलकी लागली नव्हती, मी टक्क जागा होतो. आणि ही खोली अवनीची नाही. पोरीनं इथं एक रुमालसुद्धा ठेवलेला नाही. सूटकेस वर घेऊन ये. मी विसरायला लागलोय."